ड्रायर मध्येच बंद पडतोय? स्क्रूड्रायव्हरच्या आधी घड्याळ घ्या

आमच्या फोंड्यात जूनचा दुसरा आठवडा उजाडला की घरात वलण्या चढतात. एक पडवीत, एक जिन्याच्या कठड्यावरून, आणि शाळेचे गणवेश तर थेट पंख्याखाली. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हवाच इतकी पाणी प्यालेली असते की कपड्यांतलं पाणी घ्यायला तिच्यात जागा उरत नाही. तिसऱ्या दिवशी टॉवेल हाताला कोरडा लागतो, नाकाला लागत नाही. म्हणून सहा वर्षांपूर्वी आम्ही ड्रायर घेतला. सासूबाईंना चुलीच्या वर दांडी टांगून कपडे सुकवायचे ते दिवस आठवतात. "त्या दांडीला प्लग नव्हता, म्हणून ती बंदही पडत नव्हती," असं त्या अजूनही ऐकवतात.

ड्रायर बंद पडायला लागला तो नेमका चवथीच्या आदल्या आठवड्यात. घरात पाहुणे यायचे, चादरी धुवायला काढलेल्या, बाहेर पाऊस कोसळतोय. मशीन सुरू व्हायचं, वीसेक मिनिटं छान फिरायचं आणि गप्प. मेकॅनिकला फोन केला तर मशीन न बघताच म्हणाला, "वहिनी, कार्ड गेलं असणार. आणून बदलून देतो." कार्ड म्हणजे मशीनला हुकूम देणारी इलेक्ट्रॉनिक पाटी. त्याची किंमत ऐकून मी म्हटलं, दोन दिवस थांबा. त्या दोन दिवसांत जे शिकले ते इथे लिहिते आहे. नंतर शेजारच्या दोन घरांतले ड्रायरही याच पद्धतीने तपासले, त्यामुळे थोडा हात बसला आहे.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. ड्रायर चालता चालता थांबतो तेव्हा तो बहुतेक वेळा मेलेला नसतो, स्वतःला वाचवत असतो. आत उष्णता वाढली, मोटर तापली, विजेची गळती झाली, दार उघडं वाटलं, असं काहीही झालं की कोणतं ना कोणतं सुरक्षेचं बटण त्याला थांबवतं. आपलं काम एवढंच, की कोणत्या बटणाने थांबवलं ते ओळखायचं. ते ओळखायला झाकण उघडावं लागत नाही, घड्याळ पुरतं.

आणि हो, आपल्याकडे 'ड्रायर' म्हणजे पुष्कळांना सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा तो अरुंद, गरगर फिरणारा भाग वाटतो. तो कपडे पिळतो, सुकवत नाही. तो थांबत असेल तर कपडे एका बाजूला गोळा झालेत का आणि झाकणाखालचा स्विच दाबला जातोय का, एवढंच बघा. खालचं सगळं गरम हवेने सुकवणाऱ्या मशीनबद्दल आहे.

वही, घड्याळ आणि चार प्रश्न

ड्रायर नेहमीसारखा भरा, सुरू करा आणि वेळ लिहून ठेवा. थांबला की पुन्हा वेळ लिहा. मग लगेच कशाला हात न लावता हे बघा.

पहिला प्रश्न: मशीनवरचा दिवा किंवा आकडे अजून दिसतायत का? दिसत असतील तर वीज मशीनपर्यंत येते आहे, अडचण आतली आहे. सगळं काळं झालं असेल तर मीटरजवळच्या बोर्डाकडे जा. तिथे एखादा खटका खाली पडला असेल तर तो कोणता, हे नीट बघा. त्या खटक्यांचं पुढे सांगते.

दुसरा: लगेच बटण दाबलं तर सुरू होतो का? लगेच झाला तर दार, प्लग नाहीतर ओलावा ओळखणारा सेन्सर यांच्याकडे संशय न्या. अर्ध्या-पाऊण तासाने, मशीन गार झाल्यावरच सुरू होत असेल तर काहीतरी तापतंय, एवढं निश्चित.

तिसरा: थांबला तेव्हा कपडे कसे होते? ओले आणि कढत, की ओले आणि कोमट? हा प्रश्न लोक विचारतच नाहीत, आणि अर्धं उत्तर याच्यातच असतं. ओले आणि कढत म्हणजे उष्णता तयार होते आहे पण वाफ बाहेर जात नाही. ओले आणि कोमट म्हणजे उष्णताच पुरेशी तयार होत नाही, किंवा मशीनला काम संपलं असं उगाच वाटलं.

चौथा: दुसऱ्यांदा सुरू केल्यावर किती मिनिटं चालला? माझ्या वहीत आकडे होते २२, मग १४, मग ९. हे तीन आकडे बघूनच कार्डावरचा माझा विश्वास उडाला. बिघडलेलं कार्ड लहर लागेल तसं वागतं, कधी पाच मिनिटं, कधी तास. दर वेळी ठरावीक पटीत लवकर थांबणं हा तापण्याचा हिशेब आहे. आधीची उष्णता पूर्ण निवायच्या आत पुन्हा सुरू केलं, म्हणून पुढची मर्यादा लवकर गाठली.

शक्य असेल तर ड्रम रिकामा ठेवूनही एकदा वीस मिनिटं चालवून बघा. रिकामा असताना चालतो आणि भरल्यावर थांबतो, याचा अर्थ वेगळा, तो 'मोटर दमते तेव्हा' या भागात बघा. रिकामाही थांबत असेल तर पुढचा भाग नीट वाचा.

हवा: दहातल्या सात वेळा इथेच अडतं

सातचा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, कुणाच्या पाहणीतला नाही. पण ज्या ज्या घरी बघितलं, तिथे गुन्हेगार हवेच्या वाटेतच बसलेला सापडला.

चिमणी धूर सोडते तशी वाफ बाहेर सोडणारा, मागे जाड नळी असलेला ड्रायर साधा असतो. समोरून किंवा मागून खोलीतली हवा आत ओढतो, ती कॉइलवरून, म्हणजे तापणाऱ्या तारेवरून, नेऊन गरम करतो, कपड्यांतून फिरवतो, जाळीतून गाळतो आणि मागच्या नळीने बाहेर फेकतो. पाच किलो सुती कपडे मशीनमध्ये चांगले पिळून काढले तरी त्यात साधारण तीन लिटर पाणी उरतं. म्हणजे तीन लिटर पाण्याची वाफ त्या चार इंची नळीतून बाहेर जायची आहे. वाट अडली की गरम दमट हवा आतच फिरत राहते, तापमान चढतं, तापमानावर नजर ठेवणारा थर्मोस्टॅट कॉइल बंद करतो. तरीही चढत राहिलं तर पुढचं सुरक्षेचं बटण सगळंच बंद करतं.

सुरुवात जाळीपासून करा. कपड्यांतून सुटणारा धाग्यांचा भुसा, ज्याला सगळे लिंटच म्हणतात, तो जाळीवर गोधडीसारखा बसतो. तो तर तुम्ही दर वेळी काढत असालच. पण वरून स्वच्छ दिसणारी जाळीही बंद असू शकते. जाळी काढा, नळाखाली आडवी धरा आणि वरून पाणी सोडा. पाणी सरळ खाली पडलं तर ठीक. जाळीवर पाण्याचं थारोळं साठून राहिलं, कडेने ओघळायला लागलं, तर तिच्यावर कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचा चिकट पापुद्रा बसला आहे. डोळ्याला तो दिसत नाही. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन दोन्ही बाजूंनी घासा. पूर्ण सुकल्याशिवाय परत बसवू नका. आमच्या जाळीवरचं पाणी पहिल्या दिवशी तळहातावर साठतं तसं साठलं होतं. मला वाटलं, सापडलं! घासून बसवली, तर ड्रायर २२ऐवजी २७ मिनिटांनी थांबला. फरक पडला, पण सुटला नाही.

जाळी जिथे बसते त्या खाचेतही भुसा खाली उतरलेला असतो. प्लग काढून, व्हॅक्यूम क्लीनरची चपटी नळी नाहीतर लांब दांड्याचा बाटली धुवायचा ब्रश घालून तो वर ओढून काढा. मी काठीला कापड गुंडाळून काढला. त्यात एक रुपयाचं नाणं आणि भातुकलीतला चमचा निघाला, ते वेगळं.

आता मागची नळी. मशीन पुढे ओढा, दोघांनी मिळून. घरात जागा कमी असते म्हणून आपण ड्रायर भिंतीला ढकलतो आणि ती नळी मागे चेपून केळ्यासारखी वाकते. एवढ्यानेही हवा निम्म्यावर येते. दुसरा प्रकार जास्त फसवा: नळी लांब असते, मध्येच हत्तीच्या सोंडेसारखी लोंबते आणि तिच्या पोटात वाफेचं पाणी साठतं. त्या पाण्यात भुसा पडून त्याचा लगदा होतो. नळी काढून तिरकी करा, पाणी निघालं तर कारण हातात आलं. नळी शक्य तेवढी आखूड, ताणलेली, शक्य तेवढ्या कमी वळणांची आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतार असलेली हवी. वळ्यावळ्यांची पातळ प्लॅस्टिकची नळी भुसा धरून ठेवते आणि तापते. बदलायचीच असेल तर धातूची, आतून गुळगुळीत घ्या.

सगळ्यात निर्णायक परीक्षा सोपी आहे. नळी मशीनपासून पूर्ण सोडवा, खिडकी-दार उघडा आणि मशीनच्या मागच्या तोंडातून हवा खोलीतच येऊ देत अर्धा-पाऊण तास चालवा. खोलीचा हमाम होईल, भिंतीला घाम येईल, एकदाच सोसा. पण आता ड्रायर थांबला नाही, तर मशीन निर्दोष आहे. दोष नळीत नाहीतर भिंतीच्या भोकात. आमचा ड्रायर सलग पन्नास मिनिटं चालला आणि चादरी फुललेल्या पोळीसारख्या गरम बाहेर आल्या.

मग छत्री घेऊन घराच्या मागे गेले. चिऱ्याची भिंत, त्यात आरपार पाइप, पाइपच्या तोंडाला वाऱ्याने उघडणारी प्लॅस्टिकची पट्टी. ड्रायर चालू असताना ती पट्टी फडफडायला हवी. आमची जेमतेम बोटभर उचलली जात होती. उचलून आत बघितलं तर मातीची कोरडी, चिवट ढेप: कुंभारमाशीचं घर. ऑक्टोबर ते मे आठ महिने ड्रायर कुणी लावलाच नव्हता. गोव्याचं ऊन असताना लावणार कोण? तेवढ्यात माशीने भिंतीतल्या त्या कोरड्या, गुळगुळीत बोगद्यात संसार थाटला. उरलेल्या फटीत भुसा अडकत गेला आणि दोन महिन्यांत वाट बुजली. चमच्याच्या दांड्याने खरवडून काढली तेव्हा हातात बटाट्याएवढी माती आली.

तुमच्याकडे माशी नसेल, पक्ष्याचं घरटं असेल, बाहेरून चढलेली वेल असेल, रंगकामाच्या वेळी पट्टीला बसलेला रंगाचा थर असेल. बाहेर जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. आणि पुन्हा काही शिरू नये म्हणून तिथे डासांची बारीक जाळी मात्र लावू नका. पंधरवड्यात ती भुशाने लिंपली जाते आणि पहिल्यापेक्षा वाईट होतं. सुका भुसा कापसासारखा पेट घेतो, त्यामुळे ही सफाई नुसत्या सोयीची नाही.

मोटर दमते तेव्हा

हवा मोकळी केली, तरीही तापून थांबतोय? मग मोटर. साध्या ड्रायरमध्ये एकच मोटर ड्रम फिरवते आणि पंखाही. तिच्या वेटोळ्यांत उष्णतेने उघडणारा एक छोटा स्विच असतो. मोटर जास्त तापली की तो उघडतो, गार झाली की आपोआप मिटतो. म्हणून तासाभराने मशीन पुन्हा निरोगी वाटतं आणि आपण म्हणतो, "बघ, आपोआप बरं झालं."

प्लग काढून दार उघडा आणि ड्रम हाताने फिरवा. सारख्या जोराने, हलका घासल्याचा आवाज करत फिरला पाहिजे. एका जागी अडत असेल, कुरकुरत असेल तर ज्या चाकांवर किंवा पट्ट्यांवर ड्रम टेकतो ती झिजलीत, किंवा ड्रमच्या कडेत काही अडकलंय. ब्राच्या तारा आणि लहान मोजे तिथे हमखास जातात. अगदीच सैल, वजन नसल्यासारखा फिरला तर पट्टा तुटलेला आहे.

सुरू करताना मोटर नुसती "हूंऽऽ" करते, ड्रमला हाताने धक्का दिल्यावर फिरते, असं असेल तर कपॅसिटर अशक्त झालाय. तो मोटरला जोर देणारा नळकांड्यासारखा भाग. त्याच्या अंगावर मायक्रोफॅरडचा आकडा छापलेला असतो, मेकॅनिकच्या मीटरवर तो त्याच्या आसपास यायला हवा. बदलायला स्वस्त आहे. पण प्लग काढल्यानंतरही त्यात वीज साठून असते, म्हणून ज्याला तो उतरवता येतो त्यालाच हात लावू द्या. मी लावत नाही.

मोटर दमण्याचं सगळ्यात साधं कारण मात्र आपण स्वतः असतो. सात किलोचा ड्रायर म्हणजे सात किलो कोरडे कपडे, ओले नव्हेत. डबल बेडची चादर आणि दोन उशांचे अभ्रे एकत्र टाकले की चादर अभ्रे गिळते, सगळ्याचा एक घट्ट गोळा होतो, आतला भाग ओला राहतो आणि ड्रम लंगडत फिरतो. चादरी दोनच टाका, पंधरा मिनिटांनी थांबवून झटका आणि पुन्हा लावा. ड्रमचा वरचा एक तृतीयांश भाग मोकळा दिसला पाहिजे.

प्लग, खटके आणि संध्याकाळचा व्होल्टेज

साधा ड्रायर २००० ते २५०० वॅटचा असतो. २३० व्होल्टला हे ९ ते ११ अँपिअर होतात. म्हणजे त्याला १६ अँपिअरचा मोठा प्लग, त्याच्यापुरती स्वतंत्र जाड वायर आणि चांगलं अर्थिंग हवं. एक्स्टेन्शन बोर्डवर ड्रायर लावणाऱ्यांना मी घरी चहाही देत नाही, इतका तो प्रकार मला भिववतो. ड्रायर थांबल्यावर आधी बोर्डवरचं बटण बंद करा आणि मग प्लगच्या पिनांना हात लावा. कोमट ठीक. चटका बसला, पिन काळवंडलेली दिसली, सॉकेटच्या भोवती प्लॅस्टिक पिवळं पडलं असेल, तर सॉकेटची पकड सैल झाली आहे. तापली की संपर्क सुटतो, मशीन थांबतं, गार झाल्यावर परत जुळतो. हे कार्डाच्या नावावर खपणारं दुसरं दुखणं. सॉकेट बदलायला इलेक्ट्रिशियनला अर्धा तास पुरतो.

बोर्डवर काय पडलं, ते आता बघू. छोटा, एकेकट्या लाइनचा खटका म्हणजे एमसीबी. तो जास्त प्रवाहाने पडतो. ड्रायर लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी पडत असेल तर त्याच लाइनवर गीझर, इस्त्री किंवा पंप चालू होता का, आठवा. एकटाच ड्रायर असूनही पडत असेल आणि एमसीबी हाताला गरम लागत असेल, तर त्याचे स्क्रू ढिले असतील किंवा तो म्हातारा झाला असेल. मोठा, चाचणीचं बटण असलेला खटका म्हणजे आरसीसीबी. तो जमिनीकडे वीज गळत असल्याचं ओळखतो. घरांतला साधारण ३० मिलिअँपिअरवर पडतो. तो पडला तर ड्रायर वापरणं तिथेच थांबवा.

आपल्या हवेत हे नेहमीचं आहे. नळीसारख्या हीटरच्या आत तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी भरलेली असते आणि ती ओलावा ओढून घेते. आठ महिने पडून राहिलेलं मशीन जूनमध्ये पहिल्यांदा लावलं की खटका पडतो, याचं कारण बहुतेक वेळा हे असतं. इलेक्ट्रिशियन हीटर सोडवून मेगरने, म्हणजे वीज कुठे गळते का ते मोजणाऱ्या मीटरने, तपासेल. एक मेगाओहमच्या खाली आला तर एकतर सुकवून पुन्हा तपासायचा नाहीतर बदलायचा. किनाऱ्याजवळच्या घरांत, मिरामार म्हणा, कळंगुट म्हणा, खाऱ्या वाऱ्याने जोडांवर हिरवट गंज चढतो, तोही बघायला सांगा. काहीही झालं तरी, "आरसीसीबी काढून टाकूया, उगाच त्रास देतोय" असं कुणी म्हणालं तर त्याला आरसीसीबीच्या आधी घरातून काढा.

वाड्यावरच्या बऱ्याच घरांत संध्याकाळी दिवे मंदावतात, तेव्हाही ड्रायरचं वागणं बदलतं. कॉइलची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. २३० चे १९० व्होल्ट झाले तर उष्णता एक तृतीयांशाने कमी. कपडे ओले आणि कोमट. मोटर मात्र उलट करते: कमी व्होल्टेजला तेच काम ओढण्यासाठी जास्त प्रवाह घेते आणि तापते. नव्या मशीनचं कार्ड व्होल्टेज फार खाली आला की स्वतःच थांबवतं. प्लगमध्ये लावायचा आकडेवाला छोटा व्होल्टमीटर मिळतो. आठवडाभर संध्याकाळचे आकडे वहीत लिहा. ड्रायर संध्याकाळीच थांबतो आणि पहाटे पाचला मजेत चालतो, असं दिसलं तर मशीनला दोष देऊ नका, वेळ बदला. घरच्या इन्व्हर्टरवर ड्रायर चालवायचा विचारही नको.

दार आणि सेन्सर, थोडक्यात

ड्रायर दोन मिनिटांनी, सात मिनिटांनी, केव्हाही थांबतो आणि लगेच सुरू होतो? चालू असताना दारावर तळहात ठेवून हलकं दाबून धरा. दाबल्यावर थांबत नसेल तर दाराची कडी किंवा तिच्या आतला स्विच झिजलाय. दार लावताना स्वच्छ "टक" ऐकू यायला हवं. खाचेत भुसा अडकलाय का बघा, दाराच्या रबरात शर्टाची बाही चिमटली तरी असंच होतं.

मशीन "काम संपलं" म्हणून थांबतं आणि कपडे ओले असतात, तेव्हा सेन्सर बघा. ड्रमच्या आत, बहुतेक जाळीजवळ, दोन चकचकीत धातूच्या पट्ट्या शेजारी शेजारी असतात. ओला कपडा दोन्हींना टेकला की त्यांच्यातून बारीक वीज वाहते आणि मशीनला ओलावा कळतो. पट्ट्यांवर त्याच मऊ करणाऱ्या द्रवाचा पापुद्रा बसला की ओला कपडाही कोरडा वाटतो. कापसाला स्पिरिट किंवा व्हिनेगर लावून पुसा, कापूस राखाडी येईपर्यंत. दोनच रुमाल टाकून 'ऑटो' लावलं तरी मशीन फसतं, कारण रुमाल पट्ट्यांना टेकतच नाहीत. तेव्हा मिनिटं लावून चालवायचा पर्याय निवडा. आणि ६० मिनिटांत ओले राहिले म्हणून मशीनवर रागावण्याआधी हिशेब करा: एक लिटर पाण्याची वाफ करायला निदान ०.६३ युनिट वीज लागते. तीन लिटरला जवळजवळ दोन युनिट. २००० वॅटच्या कॉइलला एक तास तर नुसत्या पाण्यालाच हवा. वॉशिंग मशीनमध्ये जास्त वेगाने पिळून घ्या, ड्रायरचं निम्मं काम तिथेच होतं.

मागे नळी नसलेले ड्रायर

फ्लॅटमध्ये आता कंडेन्सर आणि हीट पंप प्रकारचे ड्रायर येतात. ते वाफेचं पाणी करून एका टाकीत साठवतात. थांबला की पहिल्यांदा टाकी बघा. भरली असेल तर तेवढंच. टाकी रिकामी असूनही 'भरली' म्हणत असेल तर तळाच्या खोबणीत तरंगणारा छोटा स्विच भुशाच्या लगद्यात रुतलाय, किंवा पाणी वर चढवणारा पंप अडकलाय.

कंडेन्सर प्रकारात खालच्या झाकणामागे धातूची पेटी असते. ती बाहेर ओढून नळाखाली धुता येते, महिन्यातून एकदा तरी धुवा. हीट पंपमध्ये तिच्या जागी पातळ पत्र्यांची रांग असते, ती बाहेर येत नाही. मऊ ब्रशने वरून खाली झाडा, बोटाने दाबू नका, पत्रे कागदासारखे वाकतात. वीज गेली-आली की हीट पंपचा कंप्रेसर तीन ते पाच मिनिटं मुद्दाम थांबतो, तो बिघाड नाही. आणि हे ड्रायर बंद कोठीत ठेवू नका. खोली तापली की त्यांना वाफ गार करता येत नाही. कोठीचं दार उघडं ठेवून चालवल्यावर थांबत नसेल तर तुम्हाला उत्तर मिळालं.

'डायरेक्ट करून देतो'

एवढं करूनही ड्रायर सुधारला नाही, किंवा अचानक कायमचा गप्प झाला, नाहीतर फिरतो पण गरमच होत नाही, तर थर्मल फ्यूज उडाला असेल. बोटाच्या पेराएवढा, दोन पत्र्याचे पाय असलेला पांढरा तुकडा. तो एकदाच उडतो, परत जुळत नाही. मीटरच्या 'बीप' वर त्याचे दोन पाय लावले की चांगला फ्यूज वाजतो, उडालेला मुका राहतो. कॉइलही तशीच मोजतात: २००० वॅटच्या कॉइलचे साधारण २६ ओहम यावेत.

इथे काही मेकॅनिक एक वाक्य हमखास बोलतात: "फ्यूज मिळत नाही, डायरेक्ट करून देतो." म्हणजे फ्यूजचे दोन पाय तारेने जोडायचे. ड्रायर त्या दिवशी झकास चालेल, आणि पुढच्या वेळी वाट बुजली की त्याला थांबवणारं कुणीच उरणार नाही. आत कोरडा भुसा, वर लाल झालेली कॉइल. नाही म्हणा. फ्यूज मागवायला चार दिवस लागले तर चार दिवस वलणीवर काढा. आणि नवा फ्यूज बसवताना जुना का उडाला, हे शोधलं नसेल तर तोही उडणार. याच कारणाने स्वयंपाकघरातली तेलकट फडकी ड्रायरमध्ये टाकू नका. धुतल्यावरही त्यांत तेल राहतं आणि गरम ढिगात ते आपोआप पेटू शकतं.

मेकॅनिकला फोन करताना "बंद पडतो" एवढंच सांगू नका. "२२ मिनिटांनी थांबतो, दिवे चालू राहतात, पाऊण तासाने परत लागतो, नळी काढली की थांबत नाही," असं सांगा. समोरच्याचा आवाज बदलतो. आमच्या मेकॅनिकला मातीची ढेप दाखवली तेव्हा त्याने ती हातात फिरवून बघितली आणि म्हणाला, "वहिनी, कार्ड म्हटलं होतं ना मी? हे माशीचं कार्ड." पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

आता आमच्याकडे मे महिन्यात पुरुमेंताची खरेदी होते, मिरच्या, चिंच, सुकी मासळी डब्यात जाते, त्याच आठवड्यात ड्रायरही पुढे ओढला जातो: जाळी धुणं, खाच झाडणं, बाहेरचा पाइप बघणं आणि अर्धा तास रिकामा चालवून हीटरचा ओलावा घालवणं. ऑक्टोबरात ऊन पडलं की प्लग काढते आणि घराच्या मागे जाऊन पाइपच्या तोंडावर जुन्या धोतराचा दुहेरी तुकडा रबराने बांधते. मग ड्रायरच्या प्लगला दोऱ्याने एक चिठ्ठी: "आधी मागचं कापड काढ." अक्षर सासूबाईंचं आहे.